वंशावळ आणि जात्यावरची ओवी : परभणी परिसरातील कुलस्मृतीच्या साधनांसंबंधी काही विचार

घराण्याचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम वंशावळ उभी राहते. मूळपुरुष, त्याचे पुत्र, पुत्रांचे पुत्र, असा तिचा ओघ वरून खाली येतो आणि एखाद्या जीर्ण दप्तरात किंवा तलाठ्याच्या वारसनोंदीत येऊन थांबतो. कागदावर उतरण्यापूर्वी ही माहिती कोणाच्या ना कोणाच्या मुखी होती, हे मात्र आपण सहसा विसरतो. कागदाचा खरेखोटेपणा पारखण्याची शिस्त इतिहास संशोधकांनी आपल्याकडे घालून दिली आहे. मुखाचा खरेखोटेपणा पारखण्याची शिस्त अद्याप तितकीशी रुळलेली नाही. कुलस्मृती सांभाळणाऱ्या निरनिराळ्या मुखांपैकी कोणते मुख कोणत्या बाबतीत विश्वसनीय मानावे, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखात घेतला आहे. उदाहरणे शक्यतो परभणी जिल्ह्यातील आहेत. १ मे १९९९ पर्यंत हिंगोली हा या जिल्ह्याचाच भाग असल्याने तोही प्रदेश येथे गृहीत धरला आहे.

हा प्रश्न आज निव्वळ पांडित्याचा राहिलेला नाही. मराठवाड्यातील मराठा-कुणबी नोंदी तपासण्यासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली, आणि घरोघर पणजोबा-खापरपणजोबांच्या नावांचा शोध सुरू झाला. निजामी राजवटीतील कागद उर्दूत वा मोडीत, वाचणारे थोडे. हैदराबाद संस्थानात १८८४ च्या सुमारास फारसीची जागा उर्दूने घेतली, परंतु कुणब्याच्या घरातील बोलणे दोन्ही काळांत मराठीच होते. म्हणजे या भागात घराण्याचा कागद एका भाषेत आणि घराण्याची आठवण दुसऱ्या भाषेत, अशी स्थिती पिढ्यान्‌पिढ्या राहिली. अशा ठिकाणी मौखिक परंपरेकडे दुर्लक्ष करून चालत नाही. आणि गरज पडली म्हणून तिच्यावर डोळे मिटून विसंबूनही चालत नाही.

प्रथम भाषेचीच साक्ष घेऊ. मराठीत बाप, आजा, पणजा व खापरपणजा अशी चढती मालिका आहे. त्यापलीकडे सर्वसामान्य बोलीत शब्द नाही. श्राद्धविधीत नाव-गोत्रांसह उच्चार होतो तो पिता, पितामह आणि प्रपितामह या तिघांचा. विधी तीन पिढ्यांचे स्मरण बंधनकारक करतो, भाषा आणखी एका पिढीला नाव देते, आणि तेथे सामान्य कुटुंबाची स्मृती थांबते. त्यातच आजोबाचे नाव नातवाला ठेवण्याची चाल पुष्कळ घरांत असल्याने तीच दोन नावे आलटून पालटून येतात. सांगणाऱ्याकडून एखादी जोडी गळाली तरी ऐकणाऱ्याला कळत नाही. सहा पिढ्यांच्या चार होतात आणि वंशावळ दिसायला अखंडच राहते. तोंडी वंशावळीवरून पिढ्या मोजून कालनिर्णय करणाऱ्यांनी हा धोका सदैव ध्यानात ठेवावा.

चौथ्या पिढीपलीकडचे सांगण्यासाठी समाजाने वेगळी माणसे नेमली होती. दक्षिण महाराष्ट्रात व कर्नाटकाच्या सीमेवर हेळवी हे काम करीत. सुगी झाली की बैल घेऊन ते यजमानांच्या गावी येत, घराण्याचे मूळ गाव, कुलदैवत व पूर्वजांची नावे म्हणून दाखवीत, नव्याने जन्मलेल्यांची भर घालीत आणि धान्याचा वाटा घेऊन पुढे जात. ‘हेळवी’ या शब्दाची व्युत्पत्ती कोणी कन्नडातील ‘सांगणे’ या अर्थाच्या धातूशी जोडतात, तर कोणी ‘पांगळा’ या अर्थाच्या नामाशी. मूळपुरुष पांगळा असल्याने तो बैलावर बसून फिरे, अशी कथाही मग जोडली जाते. कन्नडात पहिल्या शब्दातील एकार दीर्घ आहे व दुसऱ्यातील ऱ्हस्व. मराठी हा भेद पाळत नाही, त्यामुळे मराठीत आल्यावर दोन्ही शब्द एकरूप झाले आणि दोन्ही कथांना सारखाच आधार मिळाला. मुखपरंपरेत उच्चाराचा एक भेद लोपला की एक नवा पूर्वेतिहास कसा जन्माला येतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

वंशावळ सांगणारे केवळ देशमुख-पाटलांनाच असत असा समज असल्यास तो टाकून द्यावा. मांग समाजाची कुळे सांगणारे डक्कलवार मराठवाड्यात प्रसिद्ध आहेत. ते किंगरीवर जांबपुराण गातात आणि त्या ओघात यजमानांचे मूळ सांगतात. गावाच्या दप्तरात ज्यांच्या वाट्याला एक ओळही आली नाही, अशा घरांचा इतिहास या मंडळींनी राखला. गावगाड्यात सर्वांत खाली ढकललेल्यांचा इतिहासकार त्याच्याही खालचा मानला गेला, ही गोष्ट आपल्या इतिहासलेखनाने लाजेने नोंदवावी अशी आहे.

तथापि हेळवी, भाट, डक्कलवार किंवा त्र्यंबकेश्वर-नाशिकचे वह्या बाळगणारे तीर्थोपाध्याय, या सर्वांची स्मृती एका अर्थाने वेतनबद्ध आहे. यजमानाच्या धान्यावर वा दक्षिणेवर सांगणाऱ्याचे पोट चालते. यजमानाला अप्रिय असे तो बहुधा सांगत नाही. घराणे उच्च ठरावे, पूर्वज शूर ठरावा, शाखा थोरली ठरावी, या इच्छा त्या सांगण्यात शिरल्यावाचून राहत नाहीत. वतनाचा तंटा उभा राहिला म्हणजे तर विचारावयासच नको. मराठेशाहीत असा तंटा गोतसभेपुढे आला की दोन्ही पक्षांकडून करीना, म्हणजे घराण्याची साद्यंत हकीकत, लिहून घेत. गावातील वृद्धांच्या जबान्या होत आणि निकालाचा महजर तयार होई. कान्होजी जेध्यांच्या घराण्याचा करीना अभ्यासकांच्या परिचयाचा आहे. वि. का. राजवाडे यांच्यापासून अनेकांनी जमविलेल्या अशा कागदांत सतराव्या-अठराव्या शतकांतील कुलस्मृती अक्षरशः ओतलेली आहे. परंतु ती वादीने किंवा प्रतिवादीने सांगितलेली स्मृती आहे. थोरलेपणाचा मान कोणाचा, या एका प्रश्नाभोवती ती सारी गुंफलेली असते. त्या प्रश्नाला उपयोगी नसलेली माणसे तिच्यातून हळूच नाहीशी होतात. निपुत्रिक चुलते नाहीसे होतात, आणि लेकी तर बहुधा सर्वच.

हा दोष आपल्याच भूमीचा नव्हे. नायजेरियातील तिव्ह लोकांविषयी लॉरा बोहॅनन यांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध केलेला निबंध या संदर्भात विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावा. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी न्यायदानाच्या सोयीसाठी तिव्हांच्या लांबलचक वंशावळी लिहून घेतल्या. सुमारे चाळीस वर्षांनी त्याच लिखित वंशावळी तिव्हांनी चुकीच्या ठरविल्या, आणि अधिकारी मात्र कागदाकडे बोट दाखवीत राहिले. मधल्या काळात गटांचे परस्परसंबंध बदलले होते व त्याबरोबर तोंडी वंशावळही बदलली होती. तिव्ह खोटे बोलत नव्हते. त्यांच्या लेखी वंशावळ हा आज कोणाचे कोणाशी काय नाते आहे याचा आराखडा होता. गतकाळाचे चित्र म्हणून ती त्यांनी सांगितलीच नव्हती. मौखिक परंपरेच्या परीक्षणाची पद्धतशीर मांडणी यान व्हान्सिना यांनी १९६१ मध्ये केली. तिचाही मथितार्थ हाच की साक्ष ऐकताना साक्षीदाराचा हितसंबंध आधी पाहावा.

मौजेची गोष्ट अशी की इतिहासकारांना उशिरा सुचलेला हा विवेक कायद्याला पूर्वीच सुचला होता. भारतीय पुरावा कायदा, १८७२ याच्या कलम ३२ मधील पाचव्या उपकलमाने मृत व्यक्तीने रक्त, विवाह किंवा दत्तक या नात्यांविषयी केलेले कथन पुराव्यात ग्राह्य मानले. मात्र ते कथन करणाऱ्यास त्या नात्याची माहिती असण्याचे विशेष साधन हवे आणि ते कथन वाद उपस्थित होण्यापूर्वीचे हवे, अशा दोन अटी घातल्या. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ याने घेतली, तरी हे तत्त्व कायम आहे. ‘वाद उपस्थित होण्यापूर्वीचे’ ही अट मला फार मोलाची वाटते. वंशावळी बहुधा वादासाठी लिहिल्या गेल्या. मग वाद नसताना, पहाटेच्या अंधारात, कोणाला काही सिद्ध करावयाचे नसताना, घराण्याविषयी कोण बोलत होते?

जात्यावर बसलेली बाई बोलत होती.

परभणी जिल्ह्याला या बाबतीत एक मोठा वारसा आहे. गोदाकाठचे गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव, आणि दळण-कांडणाशी त्यांचे नाव महाराष्ट्राने कायमचे जोडले आहे. त्यांच्या नावावर एक लहानसा अभंग आहे. नामदेवांच्या घरातील माणसांची त्यात नुसती गणती केली आहे. गोणाई व राजाई, दामाशेटी व नामदेव. नारा, विठा, गोंदा, महादा हे पुत्र. लाडाई, गोडाई, येसाई, साखराई या सुना. मग लेक, मग बहीण आऊबाई, आणि अखेरीस दासी म्हणून जनी स्वतः. एकूण पंधरा नावे, त्यांत पुरुष सहा आणि स्त्रिया नऊ. आपल्या कोणत्याही वतनदाराच्या वंशावळीशी हे प्रमाण ताडून पाहावे. शिवाय रचनाही निराळी आहे. वंशावळीप्रमाणे ती बापाकडून मुलाकडे उतरत नाही. सासू व सून, बाप व लेक अशा नात्यांच्या जोड्या ती आधी मांडते. एका घरात, एका चुलीभोवती कोण कोण होते, हे ती सांगते. आणि रक्ताचे नाते नसलेल्या दासीलाही त्या घरात जागा देते.

हा अभंग जनाबाईंचाच की मागाहून कोणी रचलेला, हा प्रश्न येथे गौण आहे. तो मुखपरंपरेतून आला याची खूण मात्र त्याच्याच अंगावर आहे. नामदेवांच्या लेकीचे नाव कोठे ‘लिंबाई’ तर कोठे ‘निंबाई’ असे आढळते. मराठीत लिंब आणि निंब ही दोन्ही रूपे शेजारी शेजारी नांदतात. गाणारीच्या गावी जे रूप रूढ, ते नावात शिरले. सुनांची नावेही लक्षणीय आहेत. लाड, गोड आणि साखर या शब्दांवरून घडलेली ती नावे एका माळेतील मण्यांसारखी दिसतात. मला तरी ती सासरी ठेवलेली नावे वाटतात. लग्नात ताटातील तांदळांत नवे नाव रेखण्याची चाल आपल्याकडे आहेच. या चालीचा वंशेतिहासावर होणारा परिणाम फारसा लक्षात घेतला जात नाही. विवाहित स्त्रीला दोन नावे असतात, माहेरचे एक व सासरचे दुसरे. माहेरच्या कागदात ती असली तर एका नावाने, सासरच्या कागदात असली तर दुसऱ्या. केवळ कागदावर विसंबणाऱ्याला ती एकच स्त्री आहे हे कधीही कळणार नाही. दोन्ही नावे ठाऊक असणारी व्यक्ती एकच, ती स्वतः.

जात्यावरच्या ओव्यांच्या संकलनाची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. सानेगुरुजींचे ‘स्त्रीजीवन’ सर्वांना ठाऊक आहे. मराठवाड्यापुरते बोलावयाचे तर डॉ. ना. गो. नांदापूरकर यांची ‘मऱ्हाटी स्त्री-रचित रामकथा’ हा पाया मानावा लागेल. पुण्याच्या हेमा राईरकर व गी पॉइटव्हाँ यांनी १९८० नंतरच्या काळात सहकाऱ्यांसह हजाराहून अधिक गावांतून एक लाखावर ओव्या जमविल्या. २०१७ पासून पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया या संस्थेमार्फत त्या क्रमशः प्रसिद्ध होत आल्या आहेत. एवढा संग्रह हाती असता कुलेतिहासाच्या दृष्टीने त्याचा विचार व्हावा तितका झालेला नाही.

त्याचे एक कारण उघड आहे. ओवीत व्यक्तीची नावे क्वचितच येतात. भाऊ हा ‘बंधू’ असतो, मुलगा ‘राघू’ असतो, मुलगी ‘मैना’ असते. पतीचे नाव तर घ्यावयाचेच नाही, ते घेण्यासाठी उखाण्याचा स्वतंत्र प्रकार आहे. त्यातून ओवी साच्याची असते. भाऊ माहेरी न्यायला आला, भावजय मनाची कोती निघाली, बापाच्या वाड्याला चौकट मोठी, असे विषय घाटापासून गोदावरीपर्यंत सारखेच आढळतात. एखादीने गायिलेली अशी ओवी तिचे चरित्र समजून जो वाचील तो फसेल. तरीही साच्यात काही जागा रिकाम्या असतात. गावाचे नाव, भावांची संख्या, नदी, बाजार, देवस्थान, मामा की चुलता, या जागा गाणारी आपापल्या अनुभवाने भरते. तेव्हा भाषाशास्त्रज्ञ ज्याप्रमाणे धातू व प्रत्यय वेगळे करतो, त्याप्रमाणे अनेक पाठ शेजारी ठेवून साचा बाजूला काढावा आणि बदलणाऱ्या जागा तेवढ्या टिपाव्यात. त्यातही अक्षरसंख्येच्या सोयीसाठी आलेले गावाचे नाव कोणते आणि खरे माहेर कोणते, हे गाणारीला विचारूनच ठरवावे लागते. या गाळणीतून जे उरते ते थोडे असते. पण त्यातून एका घराण्याच्या सोयरिकी कोणकोणत्या गावांशी होत्या याचा नकाशा निघतो. भावकीचा नकाशा वंशावळ देते. सोयऱ्यांचा नकाशा तिच्यात नसतो.

या सोयरिकींची स्मृती कित्येकदा शब्दांतच गोठलेली असते. सून सासूला ‘आत्याबाई’ आणि सासऱ्याला ‘मामंजी’ म्हणते, तेव्हा मामाच्या मुलीशी लग्न करण्याची जुनी रीत त्या संबोधनांत बोलत असते; कारण त्या रीतीने आलेल्या सुनेची सासू ही तिची सख्खी आत्याच असे. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या नातेसंबंधविषयक ग्रंथात या विवाहपद्धतीचे विवेचन केले आहे. घराण्यात असे विवाह प्रत्यक्षात थांबले तरी संबोधन मागे राहते. नायजेरियाच्या आग्नेय भागातील अन्नांग समाजाचे उदाहरण येथे ताडून पाहण्यासारखे आहे. समाज पितृप्रधान, कुळ बापाकडून चालणारे. पण त्यांच्या कुटुंबव्यवस्थेतील सर्वांत लहान घटकाचे नाव ‘इदिप’, आणि त्याचा शब्दशः अर्थ उदर. अनेक इदिप मिळून एक ‘उफोक’ म्हणजे घर, आणि अनेक घरे मिळून ‘एक्पुक’ हे विस्तृत कुळ होते. बहुपत्नीत्वाच्या समाजात सख्खे कोण हे आईच्या उदरावरूनच ठरावयाचे. आपल्याकडील ‘सहोदर’, ‘एका पोटचे’, ‘पाठचा भाऊ’ हे शब्द त्याच जातीचे आहेत. वंश पुरुषाच्या नावाने चालला तरी जवळिकीचे मोजमाप आईच्या देहावरून होते. वंशावळीने पुसलेली आई भाषेने अशी राखून ठेवली आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. बोलीभूगोलात असा अनुभव आहे की भाषेची जुनी रूपे पुष्कळदा मध्यवर्ती प्रदेशात लोप पावतात आणि कडेच्या प्रदेशात टिकतात. तंजावरच्या मराठीने राखलेली जुनी रूपे हे आपल्या परिचयाचे उदाहरण होय. कुलस्मृतीचेही तसेच घडते असे माझे मत आहे. घराण्याचे केंद्र म्हणजे मूळ गाव. तेथे जमिनीच्या वाटण्या, मानपान व तंटे यांच्या रेट्याने कथा सतत बदलत राहते. दिल्या घरी गेलेली लेक ही त्या घराण्याची कड. पंधराव्या-सोळाव्या वर्षी जी कथा आजीच्या तोंडून ऐकून ती बाहेर पडली, तीच ती सासरच्या जात्यावर म्हणत राहिली. माहेरच्या वाटणीत तिला हिस्सा नव्हता. चोळी-बांगडीपलीकडे तिचे देणेघेणे नव्हते. माहितीचे विशेष साधन आहे आणि हितसंबंध नाही, असा साक्षीदार आणखी कोठे मिळावा? एकाच आजीच्या तीन नाती तीन गावी दिलेल्या असतील आणि तिघींच्या सांगण्यात एखादा तपशील सारखा येत असेल, तर तो मूळ गावातील दहा भाऊबंदांच्या एकमतापेक्षा अधिक वजनाचा मानावयास हरकत नाही.

येथे काळाची मर्यादा मात्र कटाक्षाने पाळली पाहिजे. महाराष्ट्रात २२ जून १९९४ पासून आणि सबंध देशात ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत जन्मतः हक्क मिळाला. न्यायाच्या दृष्टीने ही गोष्ट फार पूर्वीच व्हावयास हवी होती. परंतु तेव्हापासून लेक ही पक्षकार झाली. तिचे नाव वारसनोंदीत येऊ लागले, आणि कित्येक घरांत लगोलग हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली जाऊ लागली. वंशावळीत लेकीचे नाव अखेर लिहिले गेले ते अनेकदा ती त्यातून बाहेर पडल्याची नोंद करण्यासाठी. त्यामुळे या सुधारणांनंतर मिळालेली तिची साक्ष पूर्वीच्याच मापाने मोजता येणार नाही. जुनी ध्वनिमुद्रिते व हस्तलिखित संग्रह यांचे मोल त्या प्रमाणात वाढले आहे. पिठाच्या गिरण्या गावोगाव आल्यावर ओवीचा रोजचा प्रसंगच गेला, हे आणखी निराळे. लग्नातील हळद दळण्यापुरते जाते उरले. तेवढ्यापुरत्या ओव्या उरल्या. ज्यांनी मुलीपणी रोज पहाटे दळले अशा बाया आता ऐंशीच्या घरात आहेत.

कालनिर्णयाची अडचण शिल्लक राहते. ओवीत साल नसते. परंतु गाणारीला विचारता ती आपली कालगणना सांगते. १९१८ च्या इन्फ्ल्युएंझाच्या साथीला या भागात ‘मानमोडी’ म्हणत. आजा मानमोडीत गेला असे कळले की एक निश्चित खुंटी मिळते. १९४७-४८ मधील रझाकारांच्या धामधुमीत कित्येक कुटुंबे सरहद्दीपलीकडे वऱ्हाडात गेली. तो प्रवास दुसरी खुंटी. १९७२ चा दुष्काळ व त्यातील खडी फोडण्याची कामे ही तिसरी. घरात जुना कागद असल्यास त्यावरील सन बहुधा फसली असतो. त्यात महिन्याप्रमाणे ५९० किंवा ५९१ मिळविले म्हणजे इसवी सन येतो. या खुंट्यांवर नात्यांची दोरी ताणून बांधली तर चार पिढ्यांपर्यंतचा काळ बऱ्याच निश्चितीने बसविता येतो.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हे काम हाती घेतल्यास एका घराण्यापासून आरंभ करावा. प्रथम मूळ गावची वंशावळ कागदासह उतरून घ्यावी. मग त्या घराण्यातून बाहेर दिलेल्या आणि त्या घराण्यात आलेल्या स्त्रियांची यादी करावी; ती गावात कोणी पुरुष सांगू शकेल अशी अपेक्षा ठेवू नये. प्रत्येकीकडून ऐकलेल्या ओवीबरोबर तिचे माहेर, सासर, दोन्ही नावे, ती ओवी कोणाकडून व कोठे शिकली, आणि त्या घरात जमिनीचा वाद चालू आहे काय, एवढ्या बाबी त्याच दिवशी नोंदवाव्यात. तिची अनुमती असल्याखेरीज यांतील नावे छापू नयेत. ध्वनिमुद्रण करताना शक्य असल्यास तिला जात्यावरच बसवावे. जात्याची गती सुटली की पुष्कळ जणींना दुसरी ओळ आठवत नाही.